निवासी डॉक्टर रुग्णालयाला परवडतात का? नाशिकमधून वारंवार येणारे प्रश्न

रुग्णालयांचे खर्च-हिशेब पाहणं हा माझा धंदा. त्यामुळे हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर, ट्रस्टचे विश्वस्त, मुलगी पीजीला लागलेले पालक आणि कधी ड्युटी संपवून रात्री दोनला मेसेज टाकणारे रेसिडेंट, सगळेच फिरूनफिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केलेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवलं आहे. रुपयांच्या उदाहरणाआधी 'समजा' असेल, तर तो आकडा फक्त समजण्यापुरता. तिथे आपल्या वहीतला घालून पाहावा.

१. निवासी डॉक्टर म्हणजे विद्यार्थी की कर्मचारी?

दोन्ही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एमबीबीएस आणि इंटर्नशिप उरकून, नीट-पीजी देऊन जो एमडी, एमएस किंवा डीएनबीला (कॉलेज नसलेल्या रुग्णालयातही करता येणारं पदव्युत्तर शिक्षण) लागतो, तो तीन वर्षं रुग्णालयात राबत राबत शिकतो. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये तो विद्यार्थी असतो आणि वॉर्डच्या ड्युटी-चार्टवर डॉक्टर. फीही भरतो आणि पहाटे तीनला आलेला अपघाताचा पेशंटही सांभाळतो. त्याला पगार नसतो, विद्यावेतन असतं.

इंटर्न वेगळा, त्याचं एमबीबीएस अजून पुरं व्हायचंय. सीनिअर रेसिडेंटही वेगळा, तो पीजी संपवून पगारावर आलेला असतो. आणि खासगी हॉस्पिटलातला आरएमओ (रेसिडेंट मेडिकल ऑफिसर) तर नावात 'रेसिडेंट' असूनही या हिशेबात बसत नाही. तो सरळ नोकरीवर असतो, आणि आपल्याकडे अनेक ठिकाणी तो बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला असतो. या पानावर निवासी डॉक्टर म्हणजे पीजी करणारा ज्युनिअर रेसिडेंट.

२. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. मग विद्यावेतन विद्यापीठ देतं ना?

नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे, पण त्याचं काम संलग्नता देणं, अभ्यासक्रम आणि परीक्षा पाहणं, पदवी देणं. पैशाचा प्रवाह उलटा आहे: कॉलेजं आणि विद्यार्थी विद्यापीठाला शुल्क भरतात. दिंडोरी रोडवर विद्यापीठात चौकशीला जाऊन रिकाम्या हाताने परत आलेले पालक मला माहीत आहेत.

३. मग देतं कोण, आणि किती?

सरकारी कॉलेजात राज्य सरकार, महापालिकेच्या कॉलेजात महापालिका, खासगी किंवा ट्रस्टच्या कॉलेजात ती संस्था स्वतः. आडगावचं डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेज किंवा इगतपुरी तालुक्यात धामणगावचं एसएमबीटी ही या तिसऱ्या प्रकारातली. केंद्रीय नियम असा की खासगी संस्थेनेही राज्यातल्या सरकारी कॉलेजाच्या बरोबरीने विद्यावेतन द्यावं.

सरकारी रक्कम शासन निर्णयाने ठरते आणि बहुतेक वेळा संपाशिवाय हलत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्डने, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, संप पुकारला, तेव्हा मंत्रिमंडळाने दरमहा १० हजारांची वाढ मंजूर केली. डीएनबीसाठी राष्ट्रीय परीक्षा मंडळाची किमान रक्कम आहे: एमबीबीएसनंतर थेट लागलेल्यांना पहिल्या वर्षी ३५ हजार, दुसऱ्या वर्षी ३७ हजार, तिसऱ्या वर्षी ३९ हजार. ही किमान आहे. तेवढंच द्यावं असं कुठेही म्हटलेलं नाही, पण वाचणारे तसं वाचतात.

४. विद्यावेतन सोडलं तर हॉस्पिटलचा खर्च होतो तरी कसला?

लोकांना हॉस्टेल, मेस आणि लायब्ररी दिसते. खरा खर्च शिकवणाऱ्यांचा. प्रत्येक गाइडमागे (मार्गदर्शक प्राध्यापकामागे) किती पीजी जागा मिळणार हे ठरलेलं असतं, म्हणून जागा हव्यात तर पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, आणि ओपीडीला तेवढी गर्दी असो-नसो, ते पगारावर ठेवावेच लागतात.

दुसरा खर्च वेळेचा. सरांना अपेंडिक्सला चाळीस मिनिटं लागतात. तेच ऑपरेशन दुसऱ्या वर्षाचा मुलगा करतो आणि सर समोर उभे राहतात, तेव्हा दीड तास जातो. तेवढा वेळ टेबल, भूल आणि नर्स अडकून राहतात. हा खर्च कुठल्याच व्हाउचरवर येत नाही. त्यात जास्तीच्या तपासण्या, वाया गेलेले टाके, थिसिसची कागदपत्रं, एथिक्स कमिटी आणि इन्स्पेक्शनच्या आधी होणारी धावपळ धरा.

अडचण अशी की यातलं बरंचसं संयुक्त आहे. सकाळचा राऊंड पेशंटसाठी होतो आणि शिकवण्यासाठीही. त्याचा अर्धा खर्च शिक्षणावर टाकायचा की पाव? साखर कारखान्यात ऊस एकच, बाहेर पडते साखर आणि मळी. मळीच्या नावावर उसाची किती किंमत टाकायची यावर कॉस्ट अकाउंटंट जन्मभर वाद घालतात. राऊंडचंही तसंच. त्यामुळे 'एका रेसिडेंटमागे आम्हाला अमुक लाख पडतात' असं कुणी ठामपणे सांगितलं, तर राऊंडची वाटणी कशी केली ते आधी विचारा.

५. खरं सांगा, रेसिडेंट म्हणजे स्वस्तातले मजूरच ना?

हा प्रश्न विश्वस्त हसत विचारतात, रेसिडेंट चिडून. उत्तर दोघांनाही आवडत नाही.

फायदा मोजायची प्रामाणिक पद्धत एकच: उद्या रेसिडेंट नसले तर त्यांच्या जागी कोणाला आणावं लागेल आणि त्याला काय द्यावं लागेल? याला बदली-खर्च म्हणू.

समजा, सर्जरीच्या एका युनिटला तीन रेसिडेंट आहेत, प्रत्येक वर्षाचा एक. विद्यावेतन प्रत्येकी सरासरी ८५ हजार धरलं तर महिन्याला २ लाख ५५ हजार. तीन सर्जन शिकवण्यापोटी रोज एकेक तास जास्त देतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ तास, तासाला दीड हजाराने १ लाख साडेबारा हजार. हॉस्टेल, लायब्ररी, इन्स्पेक्शन वगैरेंचा वाटा ४५ हजार. एकूण ४ लाख साडेबारा हजार.

आता दुसरी बाजू. चोवीस तास वॉर्ड सांभाळायला चार आरएमओ, प्रत्येकी ४५ हजार: १ लाख ८० हजार. एक ज्युनिअर सर्जन: दीड लाख. महिन्याच्या ६० ऑपरेशनांना बाहेरचा असिस्टंट, दर केसला हजार: ६० हजार. एकूण ३ लाख ९० हजार. म्हणजे रेसिडेंट साडेबावीस हजारांनी महाग पडले.

थांबा. रात्री सर्जरीचा रेसिडेंट हजर आहे म्हणून जे पेशंट दारातूनच परत पाठवावे लागत नाहीत, असे महिन्याला बारा धरा, आणि प्रत्येकामागे खर्च वजा जाता तीन हजार उरतात असं धरा. ३६ हजार आले. आता हॉस्पिटल साडेतेरा हजारांनी फायद्यात.

एवढ्याशा गृहीतकाने उत्तर तोट्यातून फायद्यात गेलं. शिकवण्याचा तास दोन हजारांचा धरा, परत तोटा. म्हणून 'फुकटचे मजूर' हेही खरं नाही आणि 'आम्ही समाजसेवा म्हणून शिकवतो' हेही नाही. फायदा खात्रीने दिसतो तो शिकवण्याच्या ७५ तासांचा रकाना शून्य केला तर. आणि काही ठिकाणी तो खरोखरच शून्य असतो. तिथे मुलं राबतात आणि शिकवत कुणी नाही. तिथे 'मजूर' हा शब्द बरोबर आहे.

६. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट जास्त उपयोगी की तिसऱ्या?

राबतो पहिल्या वर्षाचा, मोलाचा असतो तिसऱ्याचा. जेआर-वन रक्त काढतो, रिपोर्ट आणतो, केसपेपर लिहितो, सरकारी आरोग्य योजनेसाठी पेशंटचे फोटो अपलोड करतो. हे काम टेक्निशियन, वॉर्डबॉय आणि डेटा-एंट्री ऑपरेटर त्याच्या निम्म्याहून कमी पैशात करतील. म्हणजे डॉक्टरच्या दराने कारकुनी करून घेतली जाते आणि वर तिला बचत म्हणतात. तिसऱ्या वर्षाचा मात्र कॅज्युअल्टी एकट्याने पेलतो, खालच्या दोघांना शिकवतो (तेही सरांचा वेळ वाचवून), आणि रात्री सरांना उठवायचं की नाही हे ठरवतो. तो परीक्षेच्या सुटीवर जातो तेव्हा विभाग महिनाभर लंगडतो.

७. सगळ्या विभागांत हिशेब सारखाच निघतो का?

अजिबात नाही. स्त्रीरोग विभागात बाळंतपणं घड्याळ पाहून येत नाहीत, म्हणून तिथे बदली-खर्च सर्वांत जड. भूलशास्त्रात सुरुवातीचे महिने हॉस्पिटलचे पैसे जातात, कारण नवख्याला एकट्याला सोडताच येत नाही. पुढे मात्र टेबलं वेळेवर सुरू होतात आणि दोन केसांमधला रिकामा वेळ कमी होतो. रेडिओलॉजीत रात्रीच्या सीटीचा कच्चा रिपोर्ट रेसिडेंट देतो, सकाळी सर तपासतात. त्वचारोग किंवा मानसोपचारात रात्रीचं काम कमी, त्यामुळे पैशाचा फायदाही कमी, पण फीच्या बाजारात त्वचारोगाच्या जागेला मागणी प्रचंड. कुठला विभाग वाढवायचा हे हॉस्पिटल कशावर ठरवतं ते यावरून ओळखा.

८. शिकाऊ डॉक्टर असले की माझं बिल वाढतं का? नातेवाईक तसं म्हणतात.

शिकणारा माणूस खात्री नसल्याने एखादी तपासणी जास्त लिहितो, हे खरं. पण ती कोणाच्या खिशातून जाते हे तुम्ही कसे पैसे भरता त्यावर आहे. तपासणीगणिक बिल असेल तर तुमच्या. सरकारच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असाल तर पॅकेज ठरलेलं असतं, त्यामुळे जास्तीची तपासणी हॉस्पिटलच्या अंगावर. ही योजना जिथे जोरात चालते, तिथे सर लोक रेसिडेंटला 'का लिहिलीस?' असं रोज विचारतात. हिशेबाने शिस्त लावली म्हणायची.

उलट बाजूही आहे. टीचिंग हॉस्पिटलला खाटा भरलेल्या दाखवाव्या लागतात आणि मुलांना शिकायला पेशंट लागतात, म्हणून तिथे दर बहुधा कमी असतात. पेठ, सुरगाण्याहून येणाऱ्याला आडगाव किंवा धामणगाव परवडतं त्याचं हे एक कारण. ट्रस्टच्या रुग्णालयांवर तर १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत देण्याचं कायदेशीर बंधनही आहे.

९. खासगी कॉलेज एवढी फी घेतं. मग त्यांचा सगळा खर्च निघत नाही का?

फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ठरवताना कॉलेजने सादर केलेला खर्च पाहतं. त्यात विद्यावेतनही दाखवलं जातं. म्हणजे मागच्या दाराने विद्यावेतनाचा काही भाग विद्यार्थ्यांच्याच फीतून येतो. व्यवस्थापन कोट्याची फी त्याहून बरीच वर असते. क्लिनिकल विभागात फी आणि बदली-खर्च दोन्ही धरले, तर चालत्या हॉस्पिटलला तोटा होतो हे मला अजून कुणी कागदावर दाखवलेलं नाही. रोडावलेल्या हॉस्पिटलात होऊ शकतो: पेशंट नाहीत, पण प्राध्यापक मस्टरवर हवेत.

१०. विद्यावेतन बँकेत येतं, पण नंतर रोख परत मागतात. हे चालतं का?

नाही. नियम विद्यावेतन देण्याचा आहे, खात्यावर एक दिवस ठेवण्याचा नाही. मी एका संस्थेची वही पाहिली होती, नाव घेत नाही. विद्यावेतन पै-पैशासह जमा आणि त्याच आठवड्यात 'विकास निधी' म्हणून जवळपास तेवढीच रक्कम परत. विचारलं तर लेखापाल म्हणाले, मुलं स्वखुशीने देतात. सगळी, एकाच तारखेला, स्वखुशीने.

बँकेचं पासबुक, मागणीचे मेसेज, पावती मिळाली तर पावती, सगळं जपून ठेवा. तक्रार राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणि विद्यापीठ दोघांकडे करता येते. एकट्याने करण्यापेक्षा बॅचने करा.

११. माझं मुंबई नाक्याजवळ साठ खाटांचं हॉस्पिटल आहे. डीएनबीच्या जागा घ्याव्यात का? आरएमओपेक्षा बरं पडेल?

रात्रपाळीची सोय एवढाच हेतू असेल तर नको. आरएमओ स्वस्त पडतो आणि त्याला शिकवावं लागत नाही.

डीएनबीची मान्यता विषयवार मिळते. त्या विषयाच्या खाटा, पेशंटची संख्या, वरिष्ठ पूर्णवेळ कन्सल्टंट, लायब्ररी, इतर विभागांत रोटेशन, सगळं तपासलं जातं. नाशकात नड आहे ती 'पूर्णवेळ' या शब्दाची. आपले बहुतेक कन्सल्टंट सकाळी कॉलेज रोड, दुपारी इंदिरानगर, संध्याकाळी नाशिकरोड असे फिरतात. त्यांना एकाच छताखाली बांधायचं तर त्यांचं बाहेरचं उत्पन्न भरून द्यावं लागतं. तुमच्या हिशेबातली सर्वांत मोठी ओळ ती असेल, विद्यावेतन नव्हे.

मात्र असे दोन-तीन वरिष्ठ आधीच तुमच्याकडे पूर्णवेळ असतील आणि त्यांना शिकवायची हौस असेल, तर नक्की घ्या. ज्या फायद्याला रकाना नाही तो प्रश्न १२ मध्ये आहे.

१२. शिकून गेलेला रेसिडेंट नंतर हॉस्पिटलला काही देतो का?

देतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तोच. पहिलं: तुम्हाला पुढे ज्युनिअर कन्सल्टंट हवा असतो तेव्हा तीन वर्षं पारखलेला माणूस समोर असतो. जाहिरात नाही, एजन्सी नाही, चुकीचा माणूस घेऊन सहा महिन्यांनी काढायची वेळ नाही. दुसरं: तो सिन्नरला, चांदवडला, मनमाडला स्वतःचं थाटतो, आणि अवघड केस आली की फोन आपल्या सरांनाच करतो. तिसरं: रेसिडेंट 'सर, नवीन गाइडलाइन असं म्हणते' असं राऊंडला बोलतो, तेव्हा पन्नाशीच्या सरांनाही रात्री वाचावं लागतं.

यातलं काहीच ताळेबंदात येत नाही. शिवाय मुलगा पुण्याला गेला की फायदाही गेला. खर्च एका हॉस्पिटलचा आणि फळ भलत्याच गावाला, हा या क्षेत्राचा मूळ पेच. सरकारने पैसे घालावेत या युक्तिवादाचा पायाही तोच.

१३. सिव्हिलला कॉलेज जोडलं. आता सरकारचा खर्च वाढणार की सिव्हिलला आयते डॉक्टर मिळणार?

दोन्ही, पण दोन वेगळ्या खात्यांत. विद्यापीठाने आपली पदव्युत्तर संस्था जिल्हा रुग्णालयाला जोडून सुरू केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यांत नाशिकही आहे. जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचं. प्राध्यापकांचा पगार आणि विद्यावेतन एका विभागाच्या बजेटवर, रात्री कॅज्युअल्टीत दोन हात वाढले त्याचा फायदा दुसऱ्याच्या रुग्णालयाला. औषधं कोणी घ्यायची, लिफ्ट बंद पडली तर पत्र कोणाला लिहायचं, असे वाद यातूनच उगवतात.

खर्च आटोक्यात ठेवायला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२५ च्या नव्या नियमांनी एक वाट काढून दिली. २२० किंवा अधिक खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो, आणि दोन शिक्षकांवर दोन पीजी जागा सुरू करता येतात. म्हणजे सिव्हिलमध्येच वर्षानुवर्षं घासलेल्या डॉक्टरांकडून शिकवून घेता येईल. त्यांचं ओपीडीचं ओझं तेवढंच ठेवून वर शिकवायला लावलं, तर काय होईल ते प्रश्न ५ च्या शेवटी वाचा.

१४. जिल्हा निवासी कार्यक्रमात तीन महिने बाहेर पाठवतात. तेव्हाचं विद्यावेतन कोणाचं?

मूळ कॉलेजचंच. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने सरकारी रुग्णालयात काम करावं लागतं. २०२३ च्या नियमांनुसार ते निदान पन्नास खाटांचं असावं, म्हणजे फक्त जिल्ह्याच्या ठिकाणचंच असं नाही. जिथे जातो त्या रुग्णालयाला शिकलेला हात विद्यावेतन न देता मिळतो. कॉलेजला मात्र दुहेरी फटका: पैसे चालू आणि माणूस नाही, तोही ऐन उपयोगी पडू लागला तेव्हा. म्हणून प्रश्न ५ मधल्यासारख्या युनिटचा वर्षाचा ड्युटी-चार्ट करताना तीनच्या ऐवजी पावणेतीन रेसिडेंट आहेत असं धरा.

१५. बॉन्डचे ५० लाख म्हणजे सरकारने केलेला खर्चच ना?

नाही. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलेल्याने एक वर्ष बंधपत्रित सेवा द्यायची, नाही दिली तर एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख, सुपरस्पेशालिटीला २ कोटी. आकडे इतके गोल आहेत तेव्हाच ओळखावं की ते कुठल्या हिशेबातून आलेले नाहीत. माणसाने सेवा सोडू नये म्हणून लावलेला तो धाक आहे. सेवेच्या वर्षात पैसे मिळतात, म्हणजे ती वसुली नव्हे, बाजारापेक्षा कमी दरात घेतलेली सेवा आहे. सगळ्यांनी दंड भरला तर तिजोरी भरेल आणि रुग्णालयांतल्या जागा रिकाम्या राहतील.

१६. कामाचे तास कमी केले तर हॉस्पिटल बुडेल असं म्हणतात. खरंच?

बेरीज सोपी आहे. आठवड्याचे तास १६८. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर ८४ तास राबणारी दोन माणसं लागतात. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको असं लिहिलेलं आहे. त्या हिशेबाने साडेतीन माणसं लागतात, रजा धरून चार. म्हणजे दुप्पट. ३० वर्षांहून जास्त काळ तो कागद का अंमलात आला नाही, याचं उत्तर या एका भागाकारात आहे.

पण वाढीव दोन माणसं डॉक्टरच हवीत असं नाही. प्रश्न ६ मधली कारकुनी काढून घ्या, एक टेक्निशियन आणि एक डेटा-एंट्री ऑपरेटर द्या, आणि मग तास मोजा. हे करून पाहिलेल्या वॉर्डात मला रेसिडेंट दुपारी जेवताना दिसले.

१७. अमेरिकेत म्हणे सरकार हॉस्पिटलला रेसिडेंटमागे पैसे देतं?

हो. १९६५ साली मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) आली तेव्हापासून प्रशिक्षणाच्या खर्चाचा वाटा ती योजना उचलते. पैसे दोन वाटांनी येतात: एक थेट, विद्यावेतन आणि शिकवण्यापोटी, दुसरी अप्रत्यक्ष, टीचिंग हॉस्पिटलात उपचार महाग पडतात म्हणून दर पेशंटमागे जास्तीची रक्कम. १९९७ च्या कायद्याने अनुदानाच्या या जागांवर १९९६ च्या संख्येची कमाल मर्यादा घातली.

रेसिडेंटची किंमत बाजारात कधी लागली का? लागली. २०१९ मध्ये फिलाडेल्फियातलं हानेमान रुग्णालय दिवाळखोरीत गेलं आणि साडेपाचशेहून जास्त निवासी डॉक्टर रस्त्यावर आले. त्या जागांचा लिलाव झाला, साडेपाच कोटी डॉलरची बोली आली, न्यायाधीशाने मान्यही केली. जागा ही विकायची मालमत्ता नव्हे म्हणून केंद्र सरकार अपिलात गेलं आणि व्यवहार पार पडला नाही. पण अनुदानासकट रेसिडेंटच्या जागेला हॉस्पिटलं किती मोल देतात, ते त्या बोलीने उघड केलं. आपल्याकडे असं अनुदान खासगी हॉस्पिटलला नाही, म्हणून परदेशी आकडे थेट इथे लावू नका.

१८. रेसिडेंटच्या हातून चूक झाली तर भरपाई कोणाच्या खिशातून?

पहिला दावा हॉस्पिटलवरच येतो, कारण तो त्यांच्या वतीने काम करत असतो. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं आहे. तेव्हा हॉस्पिटलच्या विमा पॉलिसीत निवासी डॉक्टरांचा उल्लेख आहे का ते पाहा. पुष्कळदा फक्त कन्सल्टंटची यादी असते. हप्त्यातला फरक हाही प्रशिक्षणाचा खर्चच, प्रश्न ४ च्या यादीत जोडा.

१९. विद्यावेतनावर इन्कम टॅक्स लागतो का?

वाद आहे. १९६१ च्या कायद्याचं कलम १०(१६) शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती करमुक्त ठेवतं. त्याआधारे काही न्यायाधिकरणांनी विद्यावेतन करमुक्त मानलं, काहींनी कामाचा मोबदला म्हणून करपात्र. हॉस्पिटल पगार समजून टीडीएस कापतं की व्यावसायिक फी समजून, हे आधी पाहा, कारण रिटर्नचा फॉर्म त्यावर ठरतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू, त्यामुळे पुढच्या वर्षांसाठी जुना कलम क्रमांक लिहू नका.

२०. एखाद्याने मधेच जागा सोडली तर हॉस्पिटलचं नक्की किती नुकसान?

प्रवेशाची अंतिम तारीख उलटल्यावर जागा सोडली तर ती त्या बॅचपुरती रिकामीच राहते, म्हणून उरलेल्या पूर्ण काळाचा हिशेब करावा लागतो. बुडालेली फी, अधिक आरएमओचा पगार, वजा न द्यावं लागलेलं विद्यावेतन. पहिल्या दोन महिन्यांत सोडलं तर नुकसान मुख्यतः फीचं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सोडलं तर ज्या वर्षाच्या जोरावर आधीचा खर्च भरून निघायचा तेच वर्ष जातं.

जागा सोडण्याचा दंड बंद करावा, अशी सूचना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना केली, कारण मोठ्या दंडाच्या भीतीने मुलं मानसिक त्रासात अडकून राहतात. विश्वस्त मला विचारतात, दंड गेला तर आम्ही भरपाई कशी करायची? मी त्यांच्याकडून गेल्या पाच वर्षांत किती जणांनी आणि कुठल्या विभागातून सोडलं याची यादी मागवतो. बहुतेक वेळा नावं वेगवेगळी आणि विभाग एकच निघतो.